एकदा म्हणजे हो

१

चाळिशी उलटली तरी गल्लीत त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला भाऊ होता तोवर ते ठीक होतं. थोरला गेला, त्यालाही वर्ष होऊन गेलं, पण ह्याचं धाकटेपण काही सुटलं नाही.

चष्म्याच्या दुकानात तो डोळे तपासायला बसायचा. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं, "हे बरं, की हे बरं?" इतक्या वर्षांत त्याला एक गंमत सापडली होती. तेच भिंग काढून पुन्हा तेच घातलं आणि "आता जास्त स्वच्छ दिसतंय, नाही का?" असं जरा ठासून विचारलं, की बहुतेक माणसं मान डोलावतात. शिकली-सवरलेली तर आधी डोलावतात. ही गंमत तो घरी येऊन बायकोला पुन्हा पुन्हा सांगायचा आणि ती दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखी हसायची.

घर दुमजली. वर एक खोली आणि स्वयंपाकघर, तिथे धाकटा, त्याची बायको आणि मुलगी. मुलगी सारखी जिन्यावरून वर-खाली पळायची म्हणून तिचं नाव पडलं होतं खारू. खालच्या मजल्यावर दोन ऐसपैस खोल्या, आणि त्यांत थोरल्याची बायको, एकटी. वहिनींना मूलबाळ नव्हतं. खारूचे केस विंचरणं, तिच्या शाळेतल्या भांडणांचा निवाडा करणं, हेच त्यांचं दिवसभराचं काम.

शेजारी नवी इमारत उठली आणि खालच्या मजल्यावर भर दुपारी अंधार पडायला लागला. वहिनी चाचपडत वावरायच्या. एकदा उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि कोपर सोलवटून घेतलं.

"त्यांच्याकडे काहीतरी दिव्याचं बघ बाबा," बायको म्हणाली. "उद्या हाडबिड मोडलं तर करायचं कुणी?"

करायचं कुणी, ह्याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. धाकटा त्याच संध्याकाळी विजेच्या सामानाच्या दुकानात गेला.

दुकानदारानं एक रीळ त्याच्यासमोर सापासारखं उलगडलं. "ट्यूब विसरा आता. ही एलईडीची पट्टी. मागचा कागद सोलायचा आणि छताच्या कडेनं चिकटवत जायची. खूण असेल तिथे कात्रीनं कापायची. मिस्त्री नको, काही नको. आणि रिमोट साधासुधा नाही, रेडिओवाला आहे. भिंतीआडूनसुद्धा चालतो."

"टिकेल ना?"

"ह्या भावात टिकण्याचं विचारू नका, साहेब. दोन डबे घेतलेत तर आणखी कमी करतो."

धाकट्यानं दोन घेतले. एक खाली, एक वर.

सुट्टीच्या दिवशी तो वहिनींच्या खोलीत स्टुलावर चढला. ओल्या फडक्यानं भिंतीची धूळ पुसायची, वीतभर कागद सोलायचा, पट्टी अंगठ्यानं दाबत पुढे सरकायचं. खाली खारू रीळ धरून उभी होती आणि वहिनी थोरल्याच्या वेताच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या.

"भाऊजी, तिकडे वाकडी जातेय हो."

"वहिनी, भिंतच वाकडी आहे. दादानं बांधून घेतलीय ना ती."

वहिनी खळखळून हसल्या. दिवा लागला तसा छताच्या कडेनं दुधी उजेड उतरला आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. कोपऱ्यांतला अंधार गेला. फोटोतल्या थोरल्याच्या चेहऱ्यावरही उजेड आला.

"हा रिमोट ठेवा तुमच्याकडे."

"मला नको बाई ती रंगीबेरंगी बटणं. भिंतीवरचं बटण आहे ना, तेवढं बास."

म्हणून दोन्ही रिमोट वर आले. दिवेलागणीला धाकटा पलंगावर पाय पसरून आपल्या खोलीतली पट्टी लाल कर, निळी कर, असा खेळ करत पडला होता. तेवढ्यात खालून वहिनींचा आवाज आला, "अगं बाई! हे काय झालं?"

खारू धापा टाकत वर आली. "बाबा, मोठीआईकडे आपोआप निळं झालं!"

धाकट्यानं हातातल्या रिमोटकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायकोनं ओठ दाबून धरले होते.

"हो का?" तो म्हणाला. "स्वस्तातला माल. असं व्हायचंच."

२

दुसऱ्या दिवशी तो दुकानातून परतला तो वहिनींना सगळं समजावून सांगायचं असं ठरवूनच. निदान नंतर त्यानं स्वतःला तसं सांगितलं. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर भिंतीत एक झरोका आहे. तो वहिनींच्या खोलीत उघडतो. तिथून खोली दिसत नाही, फक्त छत, छताच्या कडेची पट्टी आणि वेताच्या खुर्चीची वरची कड. आवाज मात्र सगळा येतो.

"अहो," वहिनी म्हणत होत्या.

धाकटा थबकला. आत दुसरं कुणी नव्हतं.

"अहो, काल ते निळं तुम्ही केलंत का?" स्वतःचीच लाज वाटावी तसा त्यांचा आवाज होता. "तुम्ही असाल तर... एकदा मिचकवा. नसाल तर राहू दे."

रिमोट शर्टाच्या खिशात होता. मागून येऊन कुणाचे तरी डोळे झाकावेत आणि श्वास रोखून उभं राहावं, तेवढ्याच खोडसाळपणानं त्यानं पट्टी एकदा मिचकवायचं बटण दाबलं. छतावरचा उजेड मिटला आणि उघडला.

मग वहिनी रडायला लागल्या. मोठ्यानं नाही. पदराआड, पण थांबायचं नाव नाही, अशा.

"मला ठाऊकच होतं," त्या म्हणाल्या. "मला ठाऊकच होतं."

वर येऊन त्यानं बायकोला सांगितलं तेव्हा ती ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसली. हसता हसता म्हणाली, "असं करू नये रे." आणि जरा वेळानं, "मग? आणखी काय विचारलं?"

त्यानंतर दिवेलागणीचा तो नेमच झाला. वरच्या पट्टीचा प्लग काढून ठेवायचा, म्हणजे ती उगाच मिचकायची नाही. चपला वरच सोडायच्या आणि टप्प्यावर जाऊन उभं राहायचं. नियम वहिनींनीच घालून दिला होता. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"पाय दुखतात का हो अजून?" नाही.

"खारू उंच झालीय, बघितलंत?" हो.

"वरची सगळी माझ्याशी किती बरी वागतात, दिसतं ना तुम्हाला?" हो. इथे धाकट्याला हसू आवरेना. त्यानं मनगट दातांत धरलं.

एके दिवशी वहिनींनी खुर्ची पुढे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी तुमच्यावर चिडले होते. पाणी सांडलंत म्हणून. त्याचा राग नाही ना राहिला मनात? राग आहे का?"

धाकट्याचा अंगठा दोनदा दाबायला सरसावला होता. मग त्याला वाटलं, बघू या तरी. त्यानं एकदाच दाबलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींचे डोळे सुजलेले होते. खारूचे केस विंचरताना त्यांचा हात मधेच थांबायचा.

"निदान तेवढं तरी नाही म्हणायचंस," बायको म्हणाली.

"अगं, सगळंच गोड गोड बोललं तर खोटं वाटतं."

बायकोनं ह्यावर मान डोलावली. ती पलंग आणि कपाट ह्यांच्या फटीत बसून खारूच्या वह्या रचत होती. खारूला अभ्यासाला टेबल हवं होतं. टेबल ठेवायला जागा हवी होती. बायको वह्यांकडे बघतच म्हणाली, "त्यांची बहीण एकटीच असते ना गावाकडे? मोठं घर आहे म्हणे."

३

दिवा प्रश्न विचारू शकत नाही. प्रश्न वहिनींच्या तोंडी घालायला हवा होता. हे काम धाकट्याच्या हातचा मळ होतं.

"वहिनी, बहिणीची आठवण येत असेल नाही?" तो दारात टेकून म्हणाला. "दोघी बहिणी एकत्र राहिलात तर एकमेकींना सोबत. इथे तर सूर्यसुद्धा दिसत नाही तुम्हाला."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. "ह्यांना विचारते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तो टप्प्यावर उभा राहिला. आत खुर्ची करकरली.

"अहो, भाऊजी म्हणतात बहिणीकडे जाऊन राहा. जाऊ का?"

त्यानं एकदा दाबलं. उजेड मिटला, उघडला. धाकटा बोट काढून घेतो न घेतो तोच उजेड पुन्हा मिटला आणि उघडला.

दोनदा.

बटण अडकलं असावं. स्वस्तातला माल. त्यानं रिमोट पँटवर घासला. आत वहिनींनी सुस्कारा सोडला. "मलाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. "पण नीट सांगा हं. जाऊ?"

ह्या वेळी त्यानं बटण अगदी जपून दाबलं. नखानं, एकदाच, आणि हात लगेच बाजूला घेतला. मिटला, उघडला. मग तेवढाच वेळ जाऊ दिल्यासारखं करून, मिटला, उघडला.

वर जाऊन त्यानं प्लग लावला आणि आपल्या खोलीतल्या पट्टीवर रिमोट तपासून पाहिला. एकदा दाबलं की एकदा. दोनदा दाबलं की दोनदा. कितीही वेळा केलं तरी चूक नाही. त्यानं रिमोटमधला सेल बदलला. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलताना तो मनातल्या मनात कारणं चाचपत होता. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल. शेजारच्या इमारतीत कुणी हाच माल घेतला असेल, त्यांचा रिमोट आपल्या पट्टीला लागत असेल. हे कारण त्याला सगळ्यांत पटलं. इतकं पटलं की त्यानं संध्याकाळी शेजारच्या इमारतीच्या खिडक्या एकेक करून न्याहाळल्या. सगळीकडे साधे पिवळे दिवे होते.

"हे बरं की हे बरं?" त्यानं त्या दिवशी एका म्हाताऱ्याला विचारलं होतं.

"दोन्हीत काहीच दिसत नाही," म्हातारा म्हणाला होता.

४

सर्दीनं अंग मोडून आलं म्हणून एक दिवस तो लवकर परतला. जिना चढताना झरोक्यातून बोलणं ऐकू आलं. वहिनी गप्पा मारत होत्या. नुसते प्रश्न नव्हते ते. मधे हसू होतं, मधे "इश्श, काहीतरीच" होतं. आणि छतावरचा उजेड मिचकत होता. एकदा, दोनदा, मधेच तीनदा, मग बराच वेळ स्थिर.

तीनदाचा नियम तर ठरलाच नव्हता.

बायको! त्याच्या डोक्यात आलं. आपण नसताना ही खेळतेय. तो तसाच वर गेला. बायको गॅसपुढे उभी होती आणि तिचे दोन्ही हात पिठात बरबटलेले होते.

"रिमोट कुठाय?"

"तुझ्याच कपाटात. का?"

दोन्ही रिमोट कपाटात होते, रुमालांच्या खाली, त्यानं ठेवले होते तसेच.

"तू खाली खेळत होतीस?"

"मी?" बायको वळली. "मला वाटलं तूच लवकर येऊन जिन्यात उभा राहिलायस. केव्हाचा चाललाय त्यांचा आवाज." मग तिचा चेहरा बदलला. "तू नव्हतास?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण समोरचा खोटं बोलतोय अशी आशा त्यांनी इतक्या मनापासून कधी केली नसेल.

"खारू कुठाय?" धाकट्यानं विचारलं.

"खाली. त्यांच्याजवळ."

तो एका दमात जिना उतरला. खारू जमिनीवर बसली होती, वहिनी खुर्चीत. वहिनींच्या हातात फणी, खारूच्या केसांचे दोन भाग. वरचा उजेड अगदी स्थिर होता.

"काय झालं, भाऊजी?"

"काही नाही. खारू, वर चल."

"पण वेणी अर्धीच झालीय बाबा."

"वर चल म्हटलं ना!"

एक वेणी बांधलेली आणि एक बाजू मोकळी अशी खारू उठली. जाताना तिनं मान वर करून पट्टीकडे पाहिलं आणि हात हलवला. लहान मुलं गाडीतून जाताना अनोळखी माणसांना हात हलवतात, तसा.

५

त्यानं दोन्ही रिमोटमधले सेल काढले आणि खिशात टाकले. मग वहिनींच्या दारावर टकटक करून आत गेला. भर दुपार होती. दिवा लागलेला होता, कारण त्या खोलीत दुपारीही तो लागायचाच.

"वहिनी, मला एक सांगायचंय. तुम्ही रागवाल, पण सांगतो." त्यानं खिशातले सेल चाचपले. "ते दिव्याचं... तो मी होतो. रिमोट वरून चालतो. मी गंमत केली. चुकलं माझं."

वहिनींनी हातातलं शिवण बाजूला ठेवलं.

"ठाऊक आहे की," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"सुरुवातीला तुम्ही होतात. तुम्हाला घाई फार. बटण असं खटाखट दाबता." त्यांनी बोटानं हवेत दाबून दाखवलं. "हे सावकाश मिचकवतात. आणि रागाचं तेवढं तुम्ही केलंत. त्याचं मला फार लागलं होतं, भाऊजी. पण नंतर ह्यांनीच सांगितलं, तो मी नव्हतो म्हणून."

धाकट्यानं भिंतीला हात टेकला.

"वहिनी, ही पट्टी बिघडलेली आहे. मी काढून टाकतो. तुम्हाला चांगली ट्यूब आणून देतो, भारीतली."

"हात लावू नका."

इतक्या वर्षांत वहिनी त्याच्याशी ह्या आवाजात कधी बोलल्याचं त्याला आठवेना. तो स्टूल शोधत होता, तिथेच थांबला.

"दादा असता तर," तो कसाबसा म्हणाला, "तर तो असला प्रकार करता का? तुम्हीच सांगा. दादाला असलं काही आवडायचं का?"

वहिनी विचारात पडल्या. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर शंका दिसली, अगदी क्षणभर. तपासणीच्या खुर्चीत माणसं अशीच दिसतात. अक्षर समोर असतं आणि ते कोणतं, हे सांगता येत नसतं.

"बदलतो माणूस," त्या म्हणाल्या. "तिकडे गेल्यावर."

वर उजेड एकदा मिचकला. सावकाश. दमलेल्या माणसाच्या पापण्या मिटाव्यात आणि कष्टानं उघडाव्यात, तसा. खिशातले सेल धाकट्याच्या मांडीला टोचत होते.

६

ह्यानंतर त्यानं खाली जायचं सोडलं. खारूलाही बंदी घातली. खारू रडली, जेवली नाही, मग जेवली. वहिनी दारात येऊन एकदोनदा हाक मारून गेल्या. बायको म्हणाली, "असं किती दिवस चालणार? एक तर त्या जातील, नाहीतर आपण." मग खालच्या मोठ्या खोलीचं तिनं पुन्हा एकदा वर्णन केलं. खिडकीखाली टेबल, बाजूला पुस्तकांची फळी. भीती वाटत असतानाही माणसाला जागा मोजता येते.

त्या दिवशी दुकानातून येताना धाकटा झरोक्यापुढून मान खाली घालून जाणार होता. पण वहिनींचा आवाज वेगळा होता. नव्या नवरीचा असावा तसा.

"अहो, मला आता कंटाळा आलाय. खारूसुद्धा येत नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "नेता का मला?"

धाकटा उभा राहिला. आत उजेड स्थिर होता. कुणीतरी विचार करत असल्यासारखा.

रिमोट त्याच्या हातातल्या पिशवीत होता. पट्टी कायमची बंद कशी करता येईल हे विचारायला त्यानं तो आज विजेच्या दुकानात नेला होता. दुकानदारानं सेल घालून बघून दिला होता, "चांगला चालतोय की, साहेब." म्हणजे आत सेल होते. म्हणजे दाबता येत होतं. दोनदा दाबलं की झालं. नाही. बस्स, तेवढंच. त्यानं रिमोट काढला, बटणावर अंगठा ठेवला, आणि त्याच्या डोळ्यांपुढे खिडकीखालचं टेबल आलं. त्यावर वह्या. वह्यांवर उजेड.

उजेड मिटला. उघडला. एकदा.

त्यानं बटण दाबलंच नव्हतं. पण अजूनही वेळ गेली नव्हती. एकाचे दोन करायला एकदाच दाबायचं होतं. वहिनी अजून मोजत होत्या, दुसरं मिचकणं येतंय का ह्याची वाट पाहत होत्या. त्यांनी चांगला भरपूर वेळ दिला. हे धाकट्याला पुढे कधी विसरता आलं नाही. त्यांनी त्याला भरपूर वेळ दिला होता.

त्याचा अंगठा हलला नाही.

"बरं," वहिनी आत म्हणाल्या. "थांबा मग. केस तेवढे नीट करते."

तो पाय न वाजवता वर गेला. जेवला. बायकोनं विचारलं, "काय रे, गप्प का?" तो म्हणाला, "सर्दी."

सकाळी बंदी मोडून खारूच खाली गेली. अर्ध्या जिन्यातूनच तिची हाक ऐकू आली, "बाबा, मोठीआई उठत नाहीये."

वहिनी खुर्चीत होत्या. केस चापूनचोपून बसवलेले, पदर नीटनेटका. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेत गेल्या असतील, काही कळलंही नसेल. पण वहिनींचे डोळे उघडे होते, मान वर होती आणि तोंड उघडं होतं. धाकट्यानं ते तोंड पाहिलं. आनंदानं उघडलेलं नव्हतं ते. ओळखीचा माणूस म्हणून कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवावा आणि तो वळल्यावर दुसराच निघावा, तेव्हा तोंड असं उघडतं.

बायकोनं खारूचं डोकं आपल्या पोटात लपवलं. पण खारूनं जे बघायचं ते आधीच बघितलं होतं.

७

लोक काय म्हणतील म्हणून त्यांनी काही दिवस जाऊ दिले. मग बायकोनं खालची खिडकी उघडली, फरशी धुतली, आणि म्हणाली, "ती पट्टी काढ. मग टेबल आणू."

धाकटा दुपारी खाली आला. भिंतीवरचं बटण बंद केलं, अडॅप्टर सॉकेटमधून काढला, वायर गुंडाळून बाजूला ठेवली. मग कात्री घेऊन स्टुलावर चढला. पट्टी सुटताना रंगाचे पापुद्रे घेऊन सुटत होती आणि मागे गोंदाची मळकट पिवळी रेघ राहत होती. अर्ध्या भिंतीपर्यंत पट्टी सोलून झाली असेल, तेव्हा त्याच्या हातात लोंबणारा तुकडा मिटला आणि उघडला.

मिटला, म्हणजे तो लागलेला होता. खोली दुधी उजेडानं भरलेली होती. केव्हापासून, ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

तो स्टुलावरून उतरला. पळून जावं हे त्याला सुचलं, पण पायांना सुचलं नाही.

"दादा?" तो म्हणाला. स्वतःच्या आवाजाची त्याला कीव आली. "दादा, तू आहेस का?"

दोनदा.

"कधी होतास का? वहिनींशी बोलायचास तो तू होतास का?"

दोनदा.

"वहिनी आहेत का तिथे?"

ह्या वेळी उत्तराला वेळ लागला. उजेड फिका झाला, पुन्हा भरला, जणू कुणीतरी मागे वळून बघून आलं. मग एकदा.

"बऱ्या आहेत?"

दोनदा. लगेच.

धाकटा खुर्चीत बसला. मग ती कुणाची खुर्ची ते आठवून उठला. "कोण आहेस तू?" त्यानं विचारलं. उजेड तसाच राहिला. ह्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नव्हतं. त्यानं गेलेल्या माणसांची नावं घेतली. आई, वडील, आजोबा, लहानपणी विहिरीत पडलेला मित्र. दोनदा, दोनदा, दोनदा, दोनदा. अगदी सावकाश आणि न कंटाळता. दुकानात तो जसा कितीही वेळा भिंग बदलून द्यायला तयार असायचा, तसा.

"काय पाहिजे तुला?" तो ओरडला. "मी पाहिजे?"

दोनदा.

त्याला जे वाटलं ती निव्वळ सुटका होती. आपण नको आहोत. आपण वाचलो. बायकोचं नाव ओठांवर आलं होतं, पण ते विचारायचा त्याला धीर झाला नाही. कदाचित धीर नव्हे, लाज. तो तसाच उभा होता, तेवढ्यात वरून, जिन्याच्या तोंडाशी, चपला वाजल्या.

"बाबा," खारूनं हाक मारली, "मी खाली येऊ?"

उजेड मिटला. उघडला. एकदा.

"नको!" धाकटा किंचाळला. "खारू, नको! वरच थांब!" त्यानं उरलेली पट्टी दोन्ही हातांनी ओरबाडली. भिंतीचे पोपडे त्याच्या डोळ्यांत गेले. कात्रीनं तो ती कापत सुटला. खुणेवर, खुणेबाहेर, बोटावर. तुकडे फरशीवर पडले आणि विझले. खोलीत पुन्हा तोच भर दुपारचा अंधार पसरला.

खारू दारात उभी होती.

"असं काय करताय बाबा? तुम्हीच तर ये म्हणालात."

त्यानं धावत जाऊन तिला उचललं. आता ती उचलण्याएवढी लहान राहिली नव्हती. पाय खाली लोंबत होते, पण त्यानं तिला छातीशी घट्ट धरलं. बोटातलं रक्त तिच्या फ्रॉकला लागलं. ती ऊबदार होती, तिच्या केसांना तेलाचा वास होता, काही झालेलं नव्हतं. काहीच झालेलं नव्हतं. तो तिला घेऊन जिन्याकडे वळला.

"कुणी बोललं का गं तुझ्याशी?" त्यानं विचारलं. "इथे कुणी काही विचारलं का तुला?"

त्यानं मान मागे घेऊन तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून मागे, वर, जिथे आता फक्त गोंदाची रेघ होती तिथे ती बघत होती, मोठ्या माणसांचं बोलणं मुलं नीट ऐकून घेतात तशी. मग तिनं डोळे मिटले. सावकाश. आणि उघडले.

एकदाच.